बादलीवरचा बाप

“ती बादली शेडमधून हलव, मम्मी. कोच बारा वाजता येणार आहेत.”

“येऊ देत की. बादलीने काय घोडं मारलंय त्यांचं?”

“ती समोर असली की मला बॉल टाकता येत नाही.”

“मग तिच्याकडे बघू नकोस.”

“मम्मी, मी शेवटचं सांगतेय.”

“हे शेवटचं तू कालपासून सांगतेयस. आणि फ्रिजचं दार लाव. गारवा काय सगळ्या ओक्लाहोमाला वाटायचाय?”

शेल्बीने दार इतक्या जोरात लावलं की फ्रिजवरची मीठ-मिरी ठेवायची चिनीमातीची कोंबडा-कोंबडी एकमेकांवर आपटली. रोंडा, माझी भावजय, पाठमोरी उभी राहून भेंडी चिरत होती. भांडताना तिला हाताला काहीतरी काम लागतं. त्या सकाळी तिने दोन वेळच्या जेवणाची भेंडी चिरून ठेवली.

“नेल्डा आत्या, तू तरी सांग ना तिला.”

मी कपडे घडी करत होते. घटस्फोट झाल्यापासून मी माझ्या भावाच्या घरात राहते, आणि दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईने कपड्यांच्या घड्या करताना मान वर करू नये हे मला चांगलं कळतं. तरीही मी म्हणाले, “रोंडा, तासाभराचा तर प्रश्न आहे. मी नेऊन ठेवते गॅरेजमध्ये.”

“हात लावून बघ,” रोंडा म्हणाली. सुरी चालूच होती.

टेबलाच्या टोकाला माझे वडील कॉफी पीत बसले होते. घरात सगळे त्यांना पपॉ म्हणतात, मीसुद्धा. त्यांची कानातली यंत्रं नेहमीप्रमाणे बशीत पडली होती. घरात भांडण लागलं की ते ती काढून ठेवतात आणि सगळ्यांकडे बघून हसतात.

“काय, लग्न ठरतंय का कुणाचं?” त्यांनी विचारलं.

रोंडाने पुढची भेंडी उचलली.

माझा भाऊ रॉयस जानेवारीत गेला. गावाच्या धान्यकोठारावर कामाला होता. दुपारचा डबा खाऊन वजनकाट्याजवळ बसला आणि बसल्या जागी गेला. बरोबरच्या माणसांना वाटलं डुलकी लागली. दोन ट्रक वजन करून निघूनही गेले, मग कोणाच्या तरी लक्षात आलं.

तो कसा माणूस होता असं कोणी विचारलं तर मला पहिल्यांदा त्याची पाठ आठवते. शेडच्या दारातून दिसणारी, बादलीवर बसलेल्या माणसाची पाठ. आमच्याकडे सॉफ्टबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्या, म्हणजे पिचर मुलीचा बाप बादलीवर बसतो. मुलगी समोरून हात पवनचक्कीसारखा गरगर फिरवून बॉल टाकते आणि बाप तो झेलतो. मॅचमध्ये बॉल झेलणाऱ्या कॅचरसारखं उकिडवं बसायचं तर चाळिशी उलटलेल्या बापांचे गुडघे राहिलेले नसतात, म्हणून बॉल ठेवायच्या बादलीच्या झाकणावर गादी शिवून घेतात आणि त्यावर बसतात. शाळेच्या मैदानावर सरावाला गेलं की एका रांगेत बसलेले बाप दिसायचे, ज्याची त्याची बादली, ज्याची त्याची गादी. कोणी कोणाच्या बादलीवर बसत नसे.

शेल्बी आठ वर्षांची असल्यापासून रॉयस रोज संध्याकाळी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बादलीवर बसला. उजवं ढोपर कामातून गेलेलं, म्हणून सगळा भार डाव्या अंगावर टाकून, जरा कलून. बोलायचा नाही. बॉल हवा असला की ग्लोव्हमध्ये दोनदा मूठ मारायचा, धप् धप्. म्हणजे टाक. आणि शेल्बीच्या बाजूची तारेची टोपली रिकामी होऊन शेवटचा बॉल पडेपर्यंत उठायचा नाही. रोंडा मागच्या दारातून ओरडायची, “बीन्स गार होतायत!” तो हात वर करायचा. ती पुन्हा ओरडायची. मग त्याच्या ताटावर चांदीचा कागद झाकून ठेवायची आणि आम्ही जेवून घ्यायचो. किती वर्षं त्या घरात रॉयसचं ताट झाकलेलंच असायचं. रोंडा एकदाही शेडमध्ये गेली नाही. मला एकदा म्हणाली होती, “लग्न माझ्याशी केलं आणि संध्याकाळ हिला दिली.” हसत म्हणाली होती, पण मी ते विसरले नाही.

त्या संध्याकाळींचं फळ मिळालं हे खरं. शेल्बीला मोठ्या विद्यापीठाने बोलावून घेतलं, शिष्यवृत्ती दिली. पहिलं वर्ष छान गेलं. तिच्या फोटोचं कात्रण मी काम करते त्या दाताच्या दवाखान्यात माझ्या टेबलावर काचेखाली अजून आहे. दुसऱ्या वर्षी, सीझन सुरू व्हायच्या आधी, रॉयस गेला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. घरातलं माणूस गेलं आणि नंतर लग्न किंवा शाळेचा समारंभ आला, की पहिल्या रांगेत त्याच्या नावाची रिकामी खुर्ची ठेवतात. खुर्चीवर त्याची टोपी नाहीतर त्याचं जाकीट. रोंडाच्या मनात आलं की फेब्रुवारीत विद्यापीठाच्या मैदानावर पहिली मॅच आहे, तिथे रॉयसची जागा ठेवावी. खुर्ची नाही, त्याची बादली. सगळ्यांना ती कल्पना इतकी आवडली की चर्चमधल्या दोन बायका ऐकूनच रडल्या. झाकणावरची गादी फाटली होती. मी ती उसवली, आत नवा जाड फोम घातला आणि वर लाल रेक्झिन शिवलं. मॅचच्या दिवशी मैदानातल्या माणसांनी ती बादली कॅचरच्या पाठीशी असते त्या जाळीमागे नेऊन ठेवली. अंपायरच्या आड काही दिसत नाही म्हणून रॉयस शाळेच्या मॅचना जाळीमागे जरा डावीकडे बसायचा, रोंडाने अगदी तिथेच ठेवायला लावली. वर त्याचा ग्लोव्ह. माईकवरून त्याचं नाव घेतलं, सगळ्यांनी टोप्या काढल्या.

शेल्बीने पहिला बॉल टाकला. तो कॅचरच्या डाव्या गुडघ्याशेजारून निघून गेला आणि जाळीखालच्या पॅडवर आपटला. बादलीच्या बरोबर समोर.

दुसराही तिथेच.

लोक म्हणाले, पोरीचं मन भरून आलंय. पुढच्या मॅचलाही तेच. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या कोचने बादली घरी न्यायला सांगितलं, मीच ती गाडीत घालून आणली. तरी बॉल तिथेच जात राहिले. दंड तपासला, खांदा तपासला, श्वास मोजायला लावणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडेही पाठवलं. काही सापडलं नाही. मी एप्रिलमध्ये एक मॅच बघायला गेले होते. माझ्या मागे बसलेला माणूस म्हणाला, “हिचा नेम पार गेला.” मला त्याच्याकडे वळून सांगावंसं वाटलं की जरा नीट बघ. नेम गेलेल्या पिचरचे बॉल दहा दिशांना जातात. हिचे सगळे बॉल एकाच जागी जात होते. पॅडवर तिथे वाटीएवढा खळगा पडला होता.

मे महिन्यात विद्यापीठाने फार गोड शब्दांत सांगितलं की तू दुसरं कॉलेज बघ. शेल्बी घरी आली. बॉलला हात लावीना. कोणाचा फोनही येईना. अशी मुलगी कोण घेणार? जुलै संपत आला तेव्हा कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजच्या कोच, विन्स्लो नावाच्या, म्हणाल्या की मी येऊन बघते. नंतर दुसरं कोणी विचारणार नव्हतं. हे शेल्बीला माहीत होतं, रोंडालाही माहीत होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यापासून रोज जेवायच्या वेळेला शेडमधून आवाज यायचा. धप् धप्. थोडं थांबून पुन्हा, धप् धप्. मी म्हणायचे, पत्रा आहे. दिवसभर तापतो, ऊन उतरलं की आकसतो, वाजतो. आमच्याकडे सगळ्यांचेच पत्रे वाजतात. शेल्बी घास हातात धरून बसायची. पपॉ मात्र, ज्यांना यंत्र काढल्यावर दारात ट्रक आला तरी कळत नाही, ते जेवता जेवता मान वर करायचे आणि म्हणायचे, “पोरगी जात का नाही? तो थांबलाय ना तिकडे.”

रोंडा उठून एक ताट वाढायची आणि त्यावर चांदीचा कागद झाकायची. सकाळी पपॉ ते नाश्त्याला खायचे. 

कोच विन्स्लो बाराच्या थोड्या आधीच आल्या. पन्नाशीची उन्हाने रापलेली बाई, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, काखेत स्वतःचा ग्लोव्ह. रोंडाने बर्फ घातलेला गोड चहा दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच संपवला आणि म्हणाल्या, “मॅडम, चहा झकास. चला, पोरगी कुठाय?”

आम्ही तिघी मागच्या दाराने शेडकडे गेलो. पपॉही आपली छडी टेकत आले.

शेडमध्ये भट्टी होती. शेल्बी बॉल टाकायच्या तिच्या जुन्या फळीवर उभी होती, शेजारी बॉल भरलेली तारेची टोपली. पलीकडच्या टोकाला बादली. लाल गादी, तिच्यावर रॉयसचा ग्लोव्ह उघडा पडलेला.

“ही जरा बाजूला घेऊ या का?” कोच म्हणाल्या.

“मी घेते,” रोंडा पटकन म्हणाली. तिने बादली उचलली नाही, ढकलली. थोडी मागे आणि थोडी डावीकडे. शेल्बीने आईकडे बघितलं. त्या बघण्याने दुसरी कोणतीही बाई घरात निघून गेली असती. रोंडा दाराला टेकून उभी राहिली.

कोच उकिडव्या बसल्या, पट्टे करकरले. “टाक, बेटा. हळू टाक, जोरात टाक, तुला हवं तसं.”

शेल्बी हातात बॉल घेऊन उभी राहिली. हलेना. घाम तिच्या हनुवटीवरून पडत होता.

“टाक की.”

आणि मला आवाज आला. धप् धप्.

भर दुपारचे बारा. पत्रा तेव्हा आकसत नाही. तेव्हा तो तापून तापून गप्प असतो.

कोचनी स्वतःच्या ग्लोव्हकडे पाहिलं. “मी नाही वाजवला,” त्या म्हणाल्या, कोणाला ते कळलं नाही.

शेल्बीचा हात फिरला. बॉल कोचच्या डाव्या गुडघ्याशेजारून गेला आणि बादलीवरच्या ग्लोव्हमध्ये बसला. चामड्यात बॉल नीट बसला की एक भरीव आवाज येतो, तो आवाज मी वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून ऐकलाय. तोच आला. बॉल उसळला नाही. बादली हलली नाही.

कोच मागे वळून बघत राहिल्या.

“अजून एक,” त्या म्हणाल्या.

पुन्हा तेच. मग पुन्हा. प्रत्येक वेळी आधी ते धप् धप्, मग तिचा हात. चौथ्या वेळी कोच मुद्दाम डावीकडे सरकून, ग्लोव्ह अगदी वाटेत धरून बसल्या. बॉल त्यांच्या बोटांच्या टोकांना घासून खाली बुडाला आणि मागे बादलीवरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला. तो बॉल बघून त्या बाईने शीळ घातली. असा बुडणारा बॉल आमच्या सगळ्या भागात कोणी टाकत नाही, हे मलाही कळतं.

त्या उठल्या, गुडघे चोळले, बादलीकडे बोट केलं. “आत काय भरलंय, सिमेंट?”

“बॉल असतात त्यात,” रोंडा म्हणाली.

कोचनी मान हलवली आणि शेल्बीला घेऊन बाहेर आपल्या गाडीपाशी गेल्या. मी पाण्याची बाटली द्यायचं निमित्त काढून मागे गेले. म्हणून त्या काय बोलल्या ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे.

“हे बघ, तुझा हात मला हवाय. आज, आत्ता हवाय. पण माझी कॅचर चांगली जिवंत मुलगी आहे, तिच्याकडे टाकावं लागेल. तू कोणाकडे टाकतेयस ते मी विचारणार नाही. माझे वडीलही बादलीवर बसायचे.” गाडीचं दार उघडत म्हणाल्या, “आज दिवस मावळायच्या आत फोन कर. दुसरी एक मुलगी माझ्या उत्तरासाठी ताटकळलीय. हो म्हणालीस तर ते धप् धप् तिकडे आणायचं नाही. इथेच मिटवून ये. कसं मिटवायचं ते मला विचारू नकोस, मी सॉफ्टबॉल शिकवते.”

गाडी गेली. लाल धूळ बराच वेळ रस्त्यावर उभी राहिली.

शेल्बी अंगणातल्या टायरवर बसली. मी शेजारी बसले.

“आत्या, तुला ऐकू आलं ना?”

मी पत्र्याचं बोलणार होते. बोलले नाही. “आलं.”

“तिकडे मैदानावर पण यायचं. इतकी माणसं ओरडत असायची, तरी यायचं. लोकांना वाटतं मी डॅडीकडे मुद्दाम टाकते. मी नाही टाकत गं. तो मागतो. त्याने मागितलं की माझा हात जातो, आठ वर्षांची असल्यापासून जातो.” ती नखाने टायर कोरत राहिली. “इथे असते तेव्हा तो इथे मागतो. तिकडे गेले तर तिकडे येईल. आणि नाही आला, इथेच राहिला, तर रोज मागत बसेल आणि समोर कोणी नसेल. मला दोन्ही नाही सहन होत.”

“मग काय, कोचना नाही म्हणणार?”

“मला नाही माहीत. मला टाकायचंय, आत्या. मला दुसरं काही येत नाही.”

मी तिला तिथेच सोडून शेडमध्ये गेले. ऊन दारापुरतं होतं, आत अंधारलेलं. मी रॉयसचा ग्लोव्ह बाजूला ठेवला आणि बादली उचलली. दोन बोटांनी उचलली गेली. रिकामी होती. झाकण काढून बघितलं, आत एक वाळलेला टोळ होता, दुसरं काही नाही.

झाकण परत लावताना माझा हात गादीवर पडला. फेब्रुवारीत मी त्यात इतका कडक फोम भरला होता की शिवताना सुई मोडली होती. तो डाव्या बाजूने पार बसला होता. उजवी बाजू कोरी, फुगलेली, आणि डावीकडे खोल खळगा. रोज कोणीतरी एका अंगावर कलून बसावं तसा.

रोंडा दारात होती.

“तू बसतेस ना यावर?” मी विचारलं. “खरं सांग. मी कोणाला नाही सांगणार.”

“मी?” ती म्हणाली. “मला वाटलं तू बसतेस. तू शिवलीस म्हणून.”

“मी कशाला बसेन?”

“मग मी तरी कशाला बसेन? मी या शेडमध्ये तो असताना पाऊल टाकलं नाही.”

आम्ही दोघी त्या गादीकडे बघत राहिलो. बाहेर वारा सुटला होता, पण आत काही हलत नव्हतं, कोळिष्टकंसुद्धा.

“बादली शेल्बीबरोबर पाठवून दे,” मी म्हणाले. “नाहीतर जाळून टाक, पण ही अशी ठेवू नकोस. पोरीचं आयुष्य आहे, रोंडा.”

तेव्हा ती बोलली. ओरडली नाही, हेच भीतीदायक होतं. “ती गेली तर तो तिच्यामागे जाईल. तू बघितलंस ना, विद्यापीठात गेला की नाही? मग मी कोणासाठी ताट झाकून ठेवू? जिवंत होता तेव्हा संध्याकाळी माझा नव्हता. आता निदान घरी तरी आहे.” तिने पदराला पुसावेत तसे हात एप्रनला पुसले, हात कोरडेच होते. “शेल्बीने इथेच राहावं. गावातल्या कॉलेजात शिकावं, संध्याकाळी शेडमध्ये टाकावं. काय वाईट आहे त्यात?”

मागे छडी वाजली. पपॉ कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. यंत्रं आता कानात होती.

“तुम्ही दोघी शिकलेल्या बायका,” ते म्हणाले, “पण गाढव आहात. माणूस गेला की खुर्ची ठेवतात. का ठेवतात? खुर्चीवर माणूस टेकतो, दम खातो. तुम्ही काय ठेवलीत? बादली. बादलीवर बसलेला माणूस कामावर असतो. जानेवारीत माझं पोरगं कामावरून सुटलं आणि फेब्रुवारीत तुम्ही त्याला परत कामाला लावलंत. आता समोर कोणी टाकत नाही आणि त्याला सुट्टीही कोणी देत नाही. मागेल नाहीतर काय करेल?”

“मग काय करायचं, पपॉ?” रोंडाने विचारलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा आला.

“ते मला काय विचारतेस? मी म्हातारा माणूस. मला शिळं जेवण मिळतं तेवढं पुरे.”

ते निघून गेले. तेव्हा मला दिसलं की शेल्बी पत्र्याच्या पलीकडे, फटीपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी जेवणाला बीन्स, मक्याचा पाव, चकत्या केलेले टोमॅटो आणि सकाळची ती सगळी भेंडी तळून.  पपॉनी यंत्रं बशीत काढून ठेवली. घड्याळाकडे मी बघत नव्हते, पण उन्हाची तिरीप सिंकवर आली की वेळ झाली हे मला ठाऊक होतं.

धप् धप्.

“मागतोय,” पपॉ घास चावत म्हणाले.

रोंडा उठली. शेल्फवरून ताट घेतलं, बीन्स वाढले, पाव ठेवला, भेंडी जरा जास्त घातली. रॉयसला भेंडी आवडायची. चांदीचा कागद फाडला.

शेल्बी खुर्ची सरकवून उठली आणि फोन घेऊन पुढच्या व्हरांड्यात गेली. जाळीचं दार आपटलं. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. रोंडा कागद हातात धरून तशीच उभी राहिली. मागे शेडमध्ये पुन्हा आवाज झाला, मग पुन्हा. मध्ये जितका वेळ थांबायला हवा तितकाच थांबून.

शेल्बी आत आली. बसली नाही. टेबलाला दोन्ही हात टेकून उभी राहिली, रॉयस बिल भरायचा तेव्हा उभा राहायचा तशी.

“मी कोच विन्स्लोंना हो म्हणून कळवलंय. रविवारी निघते. आत्या सोडायला येईल. बादली आणि ग्लोव्ह इथेच राहतील, जिथे आहेत तिथे.” मग ती आईकडे वळली. “आजपासून त्याच्यासमोर मम्मी टाकेल.”

“मला येत नाही टाकता,” रोंडा म्हणाली.

“मलाही येत नव्हतं. तो शिकवतो. ते ताट आत्ता झाकू नकोस, आधी टाकून ये. आणि टोपली सगळी रिकामी कर, मम्मी. शेवटचा बॉल पडल्याशिवाय तो जेवायला उठत नाही.”